सातवी रांग

"आधी चष्मा लाव," बर्नडीन म्हणाली. "फोटो बघ कसला झकास आलाय. हसतोय माझा भाऊ."

लिनवुड डॉर्सीनं चष्मा लावला. मर्तिकाला वाटायची पत्रिका गुळगुळीत, जाड कागदाची होती. वर पर्सीचा फोटो: पांढरा कोट, पांढरे हातमोजे, छातीवर चर्चचा बिल्ला. आत पानभर पर्सीचं आयुष्य लिहिलं होतं. शाळा, सैन्यातली दोन वर्षं, बाल्टिमोरच्या सिटी बसवर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, लिटल गिलियड बाप्टिस्ट चर्चच्या दारात बत्तीस वर्षं सेवा. आणि शेवटी, मागे कोण कोण राहिलं त्याची यादी. बहीण बर्नडीन. दोन भाचे, एक भाची, त्यांची पाच मुलं. डेट्रॉइटची चुलत भावंडं, किती ते न सांगता. प्रेमळ शेजारी. आणि सगळ्यांत खाली, पानावर जागा उरली म्हणून घातल्यासारखं, 'जिवलग मित्र श्री. लिनवुड डॉर्सी'.

"शेजाऱ्यांच्या खाली," लिनवुड म्हणाला.

"काय?"

"मला शेजाऱ्यांच्या खाली घातलंस, बर्नी. समोरच्या मिसेस ट्रुईटच्या खाली. पर्सी सात वर्षं त्या बाईशी बोलत नव्हता."

"क्रम छापखान्यानं लावला."

"आणि शब्द?"

 बर्नडीन येताना बटाट्याच्या सॅलडचं भांडं आणि खेकड्याच्या वड्या घेऊन आली होती. ती भांडी फ्रिजमध्ये ठेवायला वळली. फ्रिजच्या दारावर खासदार डेझमंड टिल्मनचा फोटो चुंबकानं लावलेला होता. तिनं नेहमीसारखी त्याच्यावरून नजर फिरवली आणि दार उघडलं.

ती वाईट बाई नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर लिनवुडनं तिला केव्हाच घराबाहेर काढलं असतं. एकतीस वर्षं ती दर नाताळाला या घरात जेवली होती. वर एकच पलंग आहे हे तिला ठाऊक होतं. लिनवुडचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात रोज सूप घेऊन तीच आली होती. सगळं कळत होतं तिला. फक्त कळतंय असं कधी म्हणायचं नाही, एवढा तिचा नियम होता, आणि आजवर या घरात सगळ्यांनी तो पाळला होता.

लिनवुडनं कपाटाचा खण उघडला आणि ब्रेडच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून टेबलावर आपटला. "हे वाच."

तिनं वाचलं. मग खुर्चीत बसली.

"हे कधी केलंत?"

"तीन वर्षं झाली. मार्चमधला गुरुवार होता. कोर्टात गेलो, सह्या केल्या, येताना मासे खाल्ले."

"मला बोलला नाही तो."

"कुणालाच बोलला नाही. पण लग्न आहे ते. सरकारी शिक्का आहे त्यावर. रविवारी हॉस्पिटलनं माझी सही घेतली. मर्तिकाच्या कंपनीनं माझ्या सहीशिवाय त्याला हलवला नाही. सगळ्या गावाला मी त्याचा नवरा चालतो, बर्नी. फक्त तुमच्या देवाच्या घरात मी मित्र होतो काय?"

बर्नडीननं कागदाची घडी घातली. डोळे भरून आले होते तिचे, पण आवाज पक्का होता. "त्यानं मला सांगितलं नाही, लिनवुड. चर्चमध्ये सांगितलं नाही. तोंड होतं तेव्हा तो बोलला नाही. आणि आता दोनशे माणसांसमोर त्याच्या वतीनं मी बोलू? तो उठून 'हो' म्हणणार आहे की 'नाही' म्हणणार आहे? पास्टर तर तुझं नावच नको म्हणत होते. भांडून घातलंय मी ते."

ती निघून गेली. तिच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तसा लिनवुडनं जवळचा कप उचलून भिंतीवर फेकला. पर्सीचाच कप होता. फुटला. मग तो गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत राहिला, आणि पर्सीला शिव्या देत राहिला. बस डेपोतल्या गॅरेजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला येतात तितक्या सगळ्या.

राग पास्टरचा होता, बर्नडीनचा होता. पण खरा राग पर्सी गेदरचाच होता. दारात उभा राहून साऱ्या जगाला जागा दाखवणाऱ्या आणि स्वतःच्या माणसाला कधी जागा न देणाऱ्या पर्सीचा.

कारण पर्सीचं काम तेच होतं. लिटल गिलियडमध्ये आलेल्या माणसाला दारात घ्यायचं, रांगेत नेऊन बसवायचं, प्रार्थना चालू असताना कुणाला मधून जाऊ द्यायचं नाही. अशर म्हणतात त्यांना. त्यांच्यात बोलायचं नसतं, सगळं हातांनी चालतं. डावा हात पाठीमागे म्हणजे थांबा. उजवा तळवा पुढे म्हणजे या माझ्यामागून. दोन बोटं आडवी म्हणजे सरका, जागा करा. पर्सी त्या सगळ्यांचा प्रमुख होता. भर सभेत तो नुसता तळवा पुढे करायचा आणि नगरपालिकेतला माणूससुद्धा निमूट मागून यायचा.

लिनवुड वर्षातून दोनदा जायचा, ईस्टरला आणि मातृदिनाला. सकाळी एकाच आरशासमोर दोघं तयार व्हायचे. पर्सीची मागची कॉलर लिनवुड सारखी करायचा. मग पर्सी एक तास आधी निघायचा. लिनवुड चर्चच्या दारात पोचला की पांढरा हातमोजा पुढे यायचा, मान झुकायची. "या सर, बरं वाटलं तुम्ही आलात." आणि शेवटच्या रांगेत नेऊन बसवायचा, परगावच्या पाहुण्याला बसवावं तसं. घरी आल्यावर याच गोष्टीवर दोघं हसायचे. पहिली दहा वर्षं हसले. नंतर लिनवुड हसायचा थांबला.

मग तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत टिल्मन खासदार झाला. पर्सी टीव्हीसमोर शर्टाला इस्त्री करत होता. वॉशिंग्टनला नव्या खासदारांचा शपथविधी चालला होता. बाल्टिमोरचाच मुलगा, अडतीस वर्षांचा, आपल्यासारखा काळा, आईनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून वाढवलेला. आणि गे. कुजबुजत नव्हे. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर नवऱ्याबरोबरचा फोटो. शपथविधीला नवराही आला होता, किडकिडीत, टाय वाकडा.

"लिन, इकडे ये," पर्सी म्हणाला. "लवकर ये."

लिनवुड हात पुसत आला. शर्ट जळाल्याचा वास येत होता.

"बघ, त्याला जागेवर नेतायत," पर्सी म्हणाला. "बघ बघ. बसला. आणि नवरा गॅलरीत, पुढच्या रांगेत."  अशरची नजर ती, त्याला जागाच दिसणार. "कुणी उठवलं नाही रे त्याला. मी बघत होतो. वाटलं, आता येईल कुणीतरी आणि म्हणेल, इथं नाही, मागे चला. कुणी नाही आलं."

सदुसष्ट वर्षांचा म्हातारा इस्त्री हातात धरून रडत होता. लिनवुडला तेव्हा वाटलं, एवढं काय? एक माणूस निवडून आला. आपल्या गल्लीतले खड्डे आहेत तिथेच राहणार. पण दोन महिन्यांनी पर्सीच म्हणाला, चल, कोर्टात जाऊ. आणि म्हणाला, ईस्टर झाला की चर्चमध्ये सांगतो. मग एक ईस्टर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आणि परवा रविवारी चर्चला निघताना पायऱ्यांवर तो बसला तो उठलाच नाही. दर शनिवारी घासून घासून त्यानंच पांढऱ्याशुभ्र ठेवलेल्या पायऱ्यांवर.

*

शुक्रवारी सकाळी लिनवुड बसनं खासदाराच्या ऑफिसात गेला. इंजिनाचा पट्टा घसरत होता बसचा, त्याच्या कानाला कळत होतं, पण आज त्यानं ड्रायव्हरला सांगितलं नाही.

त्याच्या मनात एक साधा हिशेब होता. लिटल गिलियडमध्ये कुणाचंही मर्तिक असो, मध्यावर दुखवट्याचे ठराव वाचतात. दुसरी चर्चं पाठवतात, युनियन पाठवते, महापौर पाठवतो. चर्चच्या कारकून सिस्टर ऑगस्टा ते उभ्यानं, मोठ्यानं वाचतात. पत्रिका बर्नडीनची. प्रवचन पास्टरचं. पण ठराव ज्यानं पाठवला त्याचा. खासदारानं पाठवलेल्या कागदावर जे लिहिलंय ते त्या भिंतींमध्ये मोठ्यानं बोललं जाणार. एक शब्द. बाकी लिनवुडला काही नको होतं.

काउंटरवर मोनीक नावाची पंचविशीतली मुलगी होती. केसांना जांभळी झाक, बोलणं गोड. तिनं नाव विचारलं, संगणकात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"पर्सी गेदर! अहो मिस्टर डॉर्सी, ठराव झालाय तयार. चर्चनं मंगळवारीच मागितला होता. आज दुपारी पाठवणारच होतो. बघायचाय?"

निळी फाइल, सोनेरी शिक्का, देखणी अक्षरं. लिनवुडनं उभ्याउभ्या वाचलं. भगिनी बर्नडीन, भाचे, भाची, आणि जिवलग मित्र लिनवुड डॉर्सी यांच्या दुःखात मी सहभागी आहे. खाली सही. डेझमंड टिल्मन, संसद सदस्य.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते लिनवुडला त्या काउंटरसमोर कळलं. बर्नडीनच्या पत्रिकेनं त्याला दुखलं होतं. हे दुखणं नव्हतं. त्या कागदाच्या बरोबर वर, भिंतीवर, टिल्मन आणि त्याचा नवरा खांद्याला खांदा लावून हसत होते.

"हे कुणी लिहिलं?"

"म्हणजे, चर्च फॉर्म भरून पाठवतं, त्यावरून आम्ही..."

"तो खासदार या चर्चचा आहे की माझा?"

"सर, जरा बसता का?"

"नाही बसत. आयुष्यभर लोक मला बसवतच आलेत. मागे बसवतात." त्यानं ब्रेडची पिशवी काउंटरवर ठेवली. "हे वाच पोरी. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. मोठ्यानं नाही, पण वाचलं. मग आत गेली आणि ऑफिसच्या प्रमुखाला घेऊन आली. क्राउडर नाव. पन्नाशीचा, उंची सूट, माणसांना शांत करण्यात उभी हयात गेलेला.

"मिस्टर डॉर्सी, तुमच्या दुःखात आम्ही..."

"सहभागी आहात. वाचलं मी. शब्द बदला."

"माझं ऐका. चर्चला जाणाऱ्या कागदावर चर्चचे शब्द, असा आमचा नियम आहे."

"साहेबांचा नियम?"

"साहेबांसाठी केलेला नियम. पहिल्या वर्षी दोन ठिकाणी वाद झाले. अकरा पास्टरांनी साहेबांना दारात उभं करायचं बंद केलं. त्या चर्चांमध्ये आमचे मतदार आहेत. पुढच्या जूनमध्ये उमेदवारीसाठी पक्षातलीच निवडणूक आहे. साहेब त्या खुर्चीवर राहिले पाहिजेत ना? तुमच्यासारख्यांसाठीच राहिले पाहिजेत."

"माझ्यासारख्यांसाठी," लिनवुड म्हणाला.

"हो."

"मग ऐक. माझ्यासारखा एक म्हातारा या माणसाला टीव्हीवर बघून रडला. इस्त्रीनं शर्ट जाळला त्यानं. म्हणाला, कुणी उठवलं नाही त्याला. सदुसष्टाव्या वर्षी त्याला धीर आला आणि त्यानं माझ्याशी लग्न केलं. रस्ता नको होता त्याला, नोकरी नको होती. तो माणूस तिथं बसलेला दिसला, एवढ्यानं झालं ते. आणि आज तो पेटीत पडलाय तर तुमचा साहेब त्याच्या छातीवर हा कागद ठेवणार? 'मित्र' म्हणून? त्याच्या सहीनं?"

क्राउडरनं काउंटरच्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर रांगेत बसलेले लोक ऐकत होते. "आवाज जरा..."

"आवाज हाच आहे माझा! भिंतीवरचा तो फोटो काढा मग. खरं सांगतो, काढा. नवऱ्याबरोबर हसणारा फोटो मतं मागायला लावायचा, आणि माझा नवरा मेला की त्याला मित्र म्हणायचं. खुर्ची राखायचीय म्हणे. कशाला राखायची? तिच्यावर बसून तोंड मिटायला? तोंड मिटून बसणारे आमच्याकडे आधीच पुष्कळ होते. त्यातल्या एकावर जीव लावून मी एकतीस वर्षं काढलीत."

 आपण कुणाला बोलतोय, टिल्मनला की पर्सीला, हे त्याचं त्यालाच कळेना. त्यानं पिशवी उचलली.

"साहेब आज मतदानाला वॉशिंग्टनला आहेत," क्राउडर म्हणाला. आवाज आता तितका गुळगुळीत नव्हता. "विचारतो मी. आश्वासन देत नाही."

"तुमच्या आश्वासनाला विचारतंय कोण?"

बसथांब्यावर मोनीक मागून धावत आली. कोट न घालताच आली होती.

"उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"आणि ठराव कधी वाचतात?"

"दुसऱ्या गाण्यानंतर. सिस्टर ऑगस्टा वाचतात. तू कशाला विचारतेस?"

"असंच," ती म्हणाली आणि कुडकुडत परत गेली.

*

शनिवारी लिटल गिलियडच्या दारात रोलंड उभा होता. पन्नाशीचा, थोराड, पर्सीच्या हाताखाली वीस वर्षं तयार झालेला. पर्सीच्या जागी आता तोच. त्यानं लिनवुडला पाहिलं आणि नजर खाली घातली. पांढरा हातमोजा पुढे आला.

पहिल्या तीन रांगांना पांढरी फीत बांधलेली होती. कुटुंबाच्या रांगा. रोलंड फितीपाशी पोचायच्या आधीच वळला आणि सातव्या रांगेत, उजव्या बाजूला थांबला. मित्रमंडळींच्या रांगेत.

"रोलंड," लिनवुड हळूच म्हणाला, "तुझ्या लग्नात तुझा टाय कुणी बांधला होता?"

"तुम्ही, मिस्टर लिन." रोलंडच्या कपाळावर घाम होता. "मला यादी दिलीय. पास्टरांनी दिलीय."

लिनवुड बसला. भांडायला आला होता तो, पण पुढे पेटी उघडी होती आणि पेटीत पर्सीच्या हातांत पांढरे हातमोजे घातलेले दिसत होते. त्यांच्यासमोर आवाज चढवायची त्याची हिंमत झाली नाही, आणि याचाही त्याला राग आला. बर्नडीननं एकदा मागे वळून पाहिलं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं तिनं आपली मोठी काळी पर्स ठेवली होती.

पहिलं गाणं झालं. प्रार्थना झाली. पास्टर हॅरोडनी पर्सीची स्तुती केली. विश्वासू माणूस, कधी उशिरा न आलेला, कधी उलट न बोललेला. कधी उलट न बोललेला! लोक "आमेन" म्हणाले. लिनवुडनं दातावर दात दाबले. त्याचा अख्खा गुण काय तर गप्प राहिला, आणि गप्प राहिला म्हणून तुम्हाला आवडला. आज तो कायमचा गप्प झालाय, तेव्हा तर फारच आवडत असेल.

दुसरं गाणं झालं आणि सिस्टर ऑगस्टा उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण आवाज घंटेसारखा. त्यांनी एका शेजारच्या चर्चचा ठराव वाचला. बस ड्रायव्हरांच्या युनियनचा वाचला. महापौरांचा वाचायला घेतला, तेवढ्यात मागचं दार करकरलं.

मोनीक होती. काळा झगा, धाप लागलेली, हातात निळी फाइल. रोलंडचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. थांबा. ती थांबली. महापौरांचा ठराव संपेपर्यंत उभी राहिली, मग फाइल त्याच्या हातात दिली. रोलंडनं फाइल नेऊन, रीतीप्रमाणे, व्यासपीठापाशी दिली. पास्टर हॅरोड वरून वाकले, त्यांनी झाकण उचलून पाहिलं. चर्चच्या पार्किंगच्या परवानगीसाठी खासदाराकडे वर्षभर खेटे घालणारे पास्टर ते. कागद बघून हसतील असंच कुणालाही वाटलं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी झाकण मिटलं.

"सिस्टर ऑगस्टा," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले, "आपल्याला दफनभूमीवर वेळेत पोचायचंय. उरलेले ठराव वाचलेत असं समजू या. कुटुंबाच्या हाती देऊन टाका."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

लिनवुड उभा राहायला निघाला.  नेहमीचीच युक्ती ही, प्रत्येक मर्तिकात वापरतात. वेळ नाही, कुटुंबाला देऊन टाका. न वाचलेला कागद पहिल्या रांगेत जातो, पर्समध्ये जातो, मग खणात जातो. ब्रेडच्या पिशवीत जातो. त्याला ओरडायचं होतं, वाच, अरे वाच ते! पण त्याआधीच त्याचं लक्ष व्यासपीठाकडे गेलं.

सिस्टर ऑगस्टांनी फाइल हातात घेतली होती आणि उघडली होती. चाळीस वर्षं मोठ्यानं वाचायची सवय, त्यामुळे मनात वाचतानाही त्यांचे ओठ हलत. सगळी सभा ते हलणारे ओठ बघत होती. एका जागी ओठ थांबले. त्यांनी मान वर केली, पास्टरांकडे पाहिलं.

"कुटुंबाच्या हाती म्हणालात ना?"

"हो, हो. बर्नडीनना द्या."

"कुटुंबाच्या हाती म्हणालात," सिस्टर ऑगस्टा म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरू लागल्या.

बर्नडीननं हात पुढे केला होता. काठी तिच्यासमोरून पुढे गेली. दुसरी रांग, तिसरी. फीत संपली. काठीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. चौथ्या रांगेतून एक जोडपं उठलं आणि तणतणत बाहेर निघून गेलं, बाईची टोपी दाराला अडकली. सिस्टर ऑगस्टांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सातव्या रांगेपाशी त्या थांबल्या.

"लिनवुड डॉर्सी," त्या म्हणाल्या, ठराव वाचायच्या त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "बत्तीस वर्षं मी त्या पोराला दारात पाहत होते. तुम्ही आलात की त्याचा हातमोजा थरथरायचा. आम्ही आंधळे नव्हतो. भित्रे होतो. घ्या."

त्यानं घेतलं. सोनेरी शिक्का तिरपा लागला होता, घाईत कुणीतरी चिकटवलेला. पण टिल्मनची सही खऱ्या शाईची होती, ओली असताना थोडी फिसकटलेली. 'पर्सी गेदर यांचे पती लिनवुड डॉर्सी'. पहिलंच नाव. बहिणीच्या वर, भाच्यांच्या वर.

त्याला आनंद झाला नाही. हे खरं ते सांगितलं पाहिजे. एका शब्दासाठी काउंटरवर ओरडावं लागलं, आणि ज्याच्यासाठी तो शब्द होता तो झाकणाच्या आत जायला निघाला होता. तीन ईस्टर वाया घालवलेस, पर्सी. तीन. तो मनातल्या मनात पेटीकडे बघून ओरडला. मग त्याला दिसलं की रोलंड येतोय.

रोलंड मधल्या वाटेनं येत होता, पर्सीनं शिकवलं होतं तसा, ना हळू ना भरभर. सातव्या रांगेपाशी थांबला. मान झुकवली. उजवा तळवा पुढे केला. या माझ्यामागून.

व्यासपीठावरून पास्टर हॅरोडनी नाव घेतलं, "ब्रदर रोलंड." एकदाच. रोलंडनं वर पाहिलं नाही. सभा चालू असताना अशर बोलत नाही, आणि त्याला बोलायची सक्तीही कुणी करत नाही.

लिनवुड त्याच्यामागून गेला. फितीच्या पलीकडे, पहिल्या रांगेपर्यंत. तिथं रोलंडनं दोन बोटं आडवी धरली. सरका, जागा करा.

कुणी हललं नाही. भाचे समोर बघत राहिले. पांढरा हातमोजा तसाच हवेत होता आणि तोही आता थरथरत होता. लिनवुड उभा होता. उठवणारा पास्टर नव्हे, बसू देणारी ती रांगच आता काय ते ठरवणार होती, आणि त्याच्या मनात आलं, नाही सरकले तर मी इथंच उभा राहीन. दफनभूमीची गाडी येऊन निघून गेली तरी उभा राहीन.

बर्नडीननं पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

तो बसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, तो तिच्याकडे बघत नव्हता. पास्टर हॅरोडनी घसा साफ केला, बायबल उघडलं आणि प्रवचनाला सुरुवात केली. लिनवुडनं निळी फाइल मांडीवर उघडली. कागद फिरवला, अक्षरं त्याला स्वतःला उलटी दिसतील आणि व्यासपीठावरून सुलट वाचता येतील असा. दोन्ही हातांनी कडा धरल्या. प्रवचन पाऊण तास चाललं, आणि पाऊण तास त्यानं कागद तसाच धरून ठेवला.